गौतमचा खासदार

अमेरिकेतल्या एका खासदाराच्या कुत्र्याचं नाव मला ठाऊक आहे. बिस्किट. तो खासदार रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतो, त्याच्या बापाचं जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं, त्याला हरणाच्या शिकारीचा नाद आहे, हेही ठाऊक आहे. माझ्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे मात्र ही गोष्ट घडली त्या सालात मला सांगता आलं नसतं, कारण निवडणूकच झाली नव्हती आणि वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. ही सगळी घाण माझ्या डोक्यात गौतम तांबेने भरली. सहा वर्षं तो मला त्या माणसाचं पुराण ऐकवत होता.

मी बाबुराव परब. करी रोडच्या चाळीत जन्मलो, पोस्टात चिकटलो, पोस्टातूनच रिटायर झालो. पण पोस्ट हे पोटासाठी. खरा मी प्रॉम्प्टर. आमच्या नाट्यमंडळात बावीस वर्षं मी विंगेत वही आणि बॅटरी घेऊन उभा राहिलो. प्रॉम्प्टरला टाळ्या मिळत नाहीत, फोटोत तो नसतो, पण नट कुठे खोटा बोलतोय ते त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. त्या सवयीने माझा स्वभाव बिघडला. बायको म्हणते, कारलं तुपात तळलं तरी कडूच, आणि ते बरोबर आहे.

गौतम माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. समोरच्या चाळीतला. मंडळात आला तेव्हा विशीचा होता, अंगाने काडी, पण आवाज असा की शेवटच्या रांगेतला म्हातारा जागा व्हायचा. अठरा वर्षं त्याने आमच्याकडे कामं केली आणि त्या अठरा वर्षांत तो एकदाच अडला. परळच्या स्पर्धेत, वकिलाच्या भूमिकेत, भर कोर्टाच्या प्रवेशात त्याचं वाक्य हरवलं. दुसरा नट असता तर त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं असतं. गौतमने मान हलवली नाही. फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य दिलं, त्याने ते असं उचललं की परीक्षकांना वाटलं तो दिग्दर्शकाचा पॉज आहे. त्या पॉजसाठी त्याला बक्षीस मिळालं आणि मला वडापाव.

गौतमचं इंग्रजी फार चांगलं. ते का चांगलं, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. त्याचे वडील, रामूकाका, गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस पिंजला जायचा आणि धूळ अशी उडायची की समोरचा माणूस पांढरा दिसे. विणखातं बरं होतं, पगारही जास्त, पण तिथे धागा तोंडाने ओढून मागाच्या धोट्यात घ्यावा लागे. तांब्यांच्या तोंडाला लागलेला धागा बाकीच्यांनी कसा ओढायचा? म्हणून त्यांच्यासारख्यांना धुळीत पाठवायचे. त्या बाकीच्यांत माझे वडील होते, हे मी लपवत नाही. वीस वर्षं ती धूळ रामूकाकांच्या छातीत गेली आणि पन्नाशीत माणूस जिना चढताना तीनदा बसायला लागला.

गिरणीच्या डॉक्टरने त्यांना तपासलं आणि एक कागद दिला. इंग्रजीत. तो कागद दाखवला तर भरपाई मिळेल असं युनियनच्या माणसाने सांगितलं होतं. शांताकाकींनी, म्हणजे गौतमच्या आईने, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. प्रत्येक ठिकाणी कारकून कागद वाचायचा आणि परत द्यायचा. सहाव्या की सातव्या ठिकाणी एकाने दया येऊन सांगितलं, बाई, ह्यात लिहिलंय की हा रोग विडीच्या व्यसनाने झाला. रामूकाकांनी आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. त्या एका शब्दासाठी ती बाई चार वर्षं भांडली आणि तो शब्द तसाच राहिला. रामूकाका गेले तेव्हाही कागदावर विडीच होती.

गौतम तेव्हा कॉलेजात होता. आपल्या घरात आलेला कागद आपल्याला वाचता आला नाही, याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने इंग्रजी विषय घेऊन बीए केलं. मग क्लासमध्ये शिकवलं, छापखान्यात प्रुफं तपासली, आणि छापखाना बंद पडल्यावर लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, एका कंपनीत लागला. ही कंपनी अमेरिकेतल्या पुढाऱ्यांची चरित्रं लिहायची. त्यांच्या वेबसाइटवर त्यांची कारकीर्द आणि त्यांची मतं नीटनेटकी मांडून ठेवायची. तिकडचा पुढारी तिकडच्या सल्लागाराला काम द्यायचा, सल्लागार ते इकडे ढकलायचा. गौतमच्या वाट्याला आला हार्लन टिबेट्स.

चाळीत आधी गोंधळच झाला. गौतमने सांगितलं, काँग्रेसमन आहे. सगळ्यांना वाटलं हा काँग्रेसचं काम करायला लागला, आणि दोघाचौघांनी बोलणंच टाकलं. मग त्याने समजावलं की तिकडच्या संसदेला काँग्रेस म्हणतात, हा माणूस रिपब्लिकन आहे. ते ऐकून शांताकाकींचा चेहरा उजळला.

“रिपब्लिकन हाय ना, मग आपलाच माणूस,” त्या म्हणाल्या.

गौतम इतका हसला की त्याला ठसका लागला. आईला त्याने कधी दुरुस्त केलं नाही. शांताकाकी शेजारणींना सांगत राहिल्या की आमचा गौतम अमेरिकेच्या रिपब्लिकन खासदाराचं लिहिण्याचं काम बघतो. बायका ओवाळायच्याच बाकी होत्या.

टिबेट्सची कारकीर्द मला तोंडपाठ आहे. शाळा समिती, मग राज्याची विधानसभा, मग वॉशिंग्टन. कर कमी करा, सरकार लहान करा, बंदुकीला हात लावू नका, गर्भपात बंद करा, बाहेरच्यांना आत घेऊ नका, आपली कामं परदेशात पाठवू नका. ही शेवटची ओळ गौतमने लोअर परळच्या चौदाव्या मजल्यावर बसून टाइप केली होती. मी म्हटलं, अरे मेल्या, तुझी बोटं थरथरली नाहीत? तो म्हणाला, बाबुराव, ज्याची मतं त्याची, आपण लिहिणारे. त्याचा देव, त्याची बंदूक त्याला लखलाभ, असं मीही म्हणायचो. माणसाने जुन्या मतांचा असावा, खुशाल असावा. मला शिसारी आली ती दुसऱ्याच गोष्टीची. पहिल्या निवडणुकीत हा गृहस्थ शपथेवर म्हणाला होता की तीन मुदतींपेक्षा जास्त कोणी खुर्चीला चिकटू नये. तो आता नवव्या मुदतीसाठी उभा होता, आणि ते जुनं वाक्य पानावरून एका दुपारी गुपचूप काढायला लावलं होतं. गौतमने ते काढलं. मला हे त्याने हसत सांगितलं, मी हसलो नाही.

एक मात्र होतं. गौतमने स्वतःपुरती एक फाइल ठेवली होती. टिबेट्सने कोणत्या तारखेला कोणत्या ठरावावर कसं मत दिलं, सगळं त्यात. पानावरची ओळ काढली तरी फाइलमधली काढायचा नाही. माझी प्रॉम्प्टची वही मी अजून ठेवली आहे, तसंच ते.

त्या निवडणुकीच्या वर्षी टिबेट्सच्या मतदारसंघाच्या सीमा बदलल्या आणि कोळशाच्या खाणींचा एक पट्टा त्यात आला. खाणकामगारांची मतं हवी झाली. तिकडून निरोप आला की पानावर लिहा, टिबेट्स पहिल्यापासून खाणकामगारांच्या बाजूने उभे आहेत. गौतमने फाइल उघडली. खाणीच्या काळ्या धुळीने ज्यांची फुफ्फुसं गेली त्यांच्या भरपाईसाठी एक निधी होता. तो चालू ठेवायचा ठराव तीनदा आला आणि तीनदा टिबेट्सने विरोधात मत दिलं. एवढंच असतं तर गौतमने नेहमीसारखं गिळलं असतं. पण समितीच्या बैठकीतलं टिबेट्सचं भाषणही फाइलमध्ये होतं.

ते भाषण घेऊन तो मंडळाच्या खोलीत माझ्याकडे आला. ही खोली आमच्या चाळीच्या तळमजल्यावर. नाटकं बंद झाली, पण पडदे आणि विगांची ट्रंक अजून तिथेच आहे आणि दुपारी मी तिथे पेपर वाचत बसतो. गौतमने उभ्याउभ्या मला ते वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

“ही माणसं जन्मभर सिगारेटी ओढत आली. आता त्याचं खापर खाणीवर का फोडता?”

चहाचा कप मी तसाच बाजूला ठेवला. सात समुद्रापलीकडचा एक माणूस, रामूकाकांना त्याने पाहिलं नाही, आमच्या गिरणीचं नाव त्याला ठाऊक नाही, आणि वाक्य मात्र तेच. मी म्हटलं, गौतम, हे तू लिहायचं नाहीस. तो म्हणाला, नाही लिहिणार. मी म्हटलं, लिहिलंस तर ह्या खोलीत पाय ठेवू नकोस. त्यालाही त्याने मान डोलावली.

आणि चौथ्या दिवशी त्याने लिहून दिलं. मला कळलं ते दुसऱ्याकडून. मी जाऊन विचारलं तर म्हणाला, चौपन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार, आईचं औषधपाणी आहे. हे सगळं खरं होतं, म्हणून जास्तच किळस आली. खोटं कारण दिलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. जिन्यात समोर आला की मी भिंतीकडे बघून उतरायचो.

तीन आठवडे असे गेले. मग एका दुपारी मंडळाच्या खोलीच्या दारात एक पस्तिशीची मुलगी उभी. गौतमच्या कंपनीत त्याच्यावरची अधिकारी, अनुजा. राहणारी गिरगावची. मागे गौतम होता, चेहरा उतरलेला. ऑफिसात बोलायची सोय नाही, घरी आई आहे, म्हणून इथे आलो, असं तो म्हणाला. पाय ठेवू नकोस म्हटलं होतं, पण पाहुणीसमोर काय बोलणार. मी त्यांना ट्रंकेवर बसवलं.

काय झालं होतं ते अनुजानेच सांगितलं. गौतमने जे लिहून दिलं ते तिकडच्या तपासणाऱ्याने घाईत न वाचताच पास केलं आणि ते पानावर चढलं. त्यात राजकीय मतांच्या मथळ्यात ‘पोझिशन्स’ ऐवजी ‘रोल्स’ असं पडलं होतं. आणि खाली वाक्य होतं, ‘हार्लन टिबेट्स हॅज प्लेड द रोल ऑफ द माइनर्स’ फ्रेंड इन एव्हरी इलेक्शन.’ म्हणजे टिबेट्सनी प्रत्येक निवडणुकीत खाणकामगारांच्या मित्राची भूमिका वठवली आहे. घ्यायची होती भूमिका, झाली होती वठवलेली भूमिका. अकरा दिवस ते पान तसंच होतं. मग टिबेट्सच्या विरोधकांनी ते वाक्य उचललं, त्याचे फलक केले, आणि खाणींच्या त्या पट्ट्यात लोक टिबेट्सला ‘नट’ म्हणायला लागले.

मी गौतमकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. माझा तीन आठवड्यांचा राग एकदम ओसरला. त्याला मिठी मारावी असं वाटलं. पण अनुजाचं बोलणं संपलं नव्हतं.

ती वाईट मुलगी नव्हती, हे सांगायला हवं. तीही घाबरलेली होती. ती म्हणाली की वरच्यांना एकच जाणून घ्यायचंय, हे मुद्दाम केलं की चुकून झालं. मुद्दाम म्हटलं तर नोकरी जाणार, वकील मागे लागणार, आणि हे काम इकडे देणारा सल्लागार पुन्हा मुंबईचं तोंड बघणार नाही. चुकून म्हटलं तर एक ताकीद, विषय संपला. आणि चूक पटण्यासारखी होती. तिनेच ती शोधून काढली होती.

“सर, मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे ना, भूमिका,” ती म्हणाली. “त्यांना सांगू की तुम्ही मराठीत विचार केलात आणि चुकीचा शब्द पडला. फक्त लिहून द्या की तुमचं इंग्लिश वीक आहे. बाकी मी बघते.”

तिने कागद टाइप करूनच आणला होता, दोन प्रतींत. वर कंपनीचं नाव, मध्ये चार ओळी, आणि एक ओळ मोकळी. त्या मोकळ्या ओळीत त्याने स्वतःच्या हाताने कारण लिहायचं आणि खाली सही करायची. गौतमने कागद मांडीवर घेतला, पेन उघडलं.

अठरा वर्षं मी त्या माणसाच्या तोंडचा शब्दन्‌शब्द वहीवर बोट ठेवून ऐकला आहे. भूमिका घेणं आणि भूमिका करणं यातला फरक ज्याला कळत नाही असा माणूस करी रोडला एक वेळ सापडेल, पण तो गौतम तांबे नव्हे. त्याचं इंग्रजी कच्चं नव्हतं. ज्या कागदाने त्याच्या बापाला खोटं ठरवलं, तो वाचण्यासाठी शिकलेलं इंग्रजी होतं ते. सहा वर्षांत त्याने त्या भाषेत एकच खरं वाक्य लिहिलं होतं, आणि आता ते चुकून पडलं असं त्याने सहीनिशी सांगायचं होतं.

त्याने पेन कागदावर टेकवलं आणि थांबला. अनुजा घड्याळाकडे बघत होती. आणि मग गौतमने मान न वळवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं.

मला गप्प राहता आलं असतं. नको लिहूस, असं म्हणता आलं असतं. तेच तर मी महिनाभरापूर्वी तावातावाने म्हणत होतो. पण तेव्हा त्याची नोकरी माझ्या डोळ्यांसमोर नव्हती, आता ती एका ओळीवर टांगलेली दिसत होती. मला वकिलांची भीती वाटली, शांताकाकींची आठवण झाली, आणि खरं सांगायचं तर नट अडला की प्रॉम्प्टरच्या घशात वाक्य आपोआप येतं. बावीस वर्षांची खोड.

“लिही,” मी म्हणालो, “माझं इंग्रजी कच्चं आहे.”

त्याने लिहिलं. सुबक अक्षरात, एकही चूक नसलेल्या इंग्रजीत लिहिलं की त्याचं इंग्रजी कच्चं आहे. अनुजाने फोनवर कागदाचा फोटो काढला, दुसऱ्या प्रतीवरही तेच लिहून सही घेतली, एक प्रत नेली आणि एक गौतमसाठी ठेवून गेली. जाताना ती मला ‘थँक यू काका’ म्हणाली. त्या थँक्यूने मला जे वाटलं ते वडापाव मिळाल्यावरही वाटलं नव्हतं.

पान दहा मिनिटांत दुरुस्त झालं. टिबेट्स नवव्यांदा निवडून आला. निकालाच्या भाषणात त्याने त्या वाक्याची गंमत केली म्हणे, परदेशातल्या अडाण्यांकडून कामं करून घेतली की असंच व्हायचं, म्हणून तर मी म्हणतो कामं बाहेर पाठवू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे गौतमने मला शांतपणे सांगितलं आणि भाषणातलं ते वाक्य पानावर टाकायला ऑफिसात निघून गेला.

गेल्या महिन्यात शांताकाकींना ताप आला म्हणून बघायला गेलो होतो. गौतम कामावर होता. काकींनी उशाखालून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली. जुनी पिवळी झालेली, तीच. आता तिच्यात दोन कागद होते. एक रामूकाकांचा, मला पाठ असलेला. दुसरा नवा, पांढरा, खाली गौतमची सही.

“गौतमने ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “इच्यारलं तर सांगत नाय. बाबू, तू वाच जरा. ह्यात विडी नाय ना लिवली?”

मी चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखं केलं.

“नाही, काकी,” मी म्हणालो. “ह्यात विडी नाही.”

त्यांचं समाधान झालं. मी कागदाची घडी केली, तो पिशवीत रामूकाकांच्या कागदाखाली सरकवला, आणि उठून मोरीवर हात धुवायला गेलो.